कवयित्रीला 'पोएटेस' म्हणावे काय? इंग्रजी नामांच्या लिंगाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात इंग्रजीतील 'ही' आणि 'शी' या सर्वनामांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नामांच्या लिंगाविषयी आहेत. त्यांतील पाच पत्रे निवडून त्यांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढील उत्तरांना लागणारा बराचसा आधार त्यातच आला आहे.

प्रश्न: माझी मुलगी सहावीत शिकते. इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीत 'पोएट' आणि 'ऑथर' या शब्दांची स्त्रीलिंगी रूपे विचारली होती. तिने दोन्ही ठिकाणी तेच शब्द पुन्हा लिहिले, कारण आजकाल स्त्रियांनाही तसेच म्हणतात असे तिच्या मावशीने तिला सांगितले होते. बाईंनी ते चुकीचे ठरवून 'पोएटेस' आणि 'ऑथोरेस' असे लिहून दिले. खरे काय? आणि 'अ‍ॅक्ट्रेस' हा शब्द चालतो, तर 'पोएटेस' का चालू नये?
— एक पालक, फोंडा

उत्तर: आजच्या इंग्रजीचा विचार केला तर आपल्या मुलीचे उत्तर बरोबर आहे. बाईंनी दिलेली रूपे शब्दकोशात सापडतात, परंतु ती जुनी झाल्याची नोंदही त्यांच्यापुढे असते. चाचणीत गुण गेले याचे दुःख करण्यापेक्षा असा प्रश्न पाठ्यपुस्तकात येतोच का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे वाटते.

'लिंग बदला' हा स्वाध्याय मराठीत अर्थपूर्ण आहे. मराठीत प्रत्येक नामाला लिंग असते. दगड तो, वीट ती आणि घर ते. या लिंगाप्रमाणे विशेषण बदलते आणि क्रियापदही बदलते. आधुनिक इंग्रजीत नामाला असे लिंगच नाही. विशेषण बदलत नाही, क्रियापद बदलत नाही, आणि लिंगभेद उरला आहे तो केवळ तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनामांत. म्हणून त्या स्वाध्यायात मुले इंग्रजीच्या व्याकरणाचा नियम शिकत नसून शब्दांच्या जोड्या पाठ करत असतात, आणि त्यांतील प्रत्येक जोडीचा इतिहास वेगळा असतो.

इंग्रजी पूर्वी अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन लिंगे होती. सूर्य स्त्रीलिंगी होता आणि चंद्र पुल्लिंगी होता. आजच्या 'वाइफ' या शब्दाचे जुने रूप 'वीफ' होते, त्याचा अर्थ केवळ 'स्त्री' असा होता, आणि तो शब्द चक्क नपुंसकलिंगी होता. त्याला 'मन्न' म्हणजे 'माणूस' हा शब्द जोडून झालेला 'वीफमन्न', ज्यातून आजचा 'वुमन' आला, तो मात्र पुल्लिंगी होता, कारण समासाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरत असे. कुमारिकेसाठी असलेल्या 'मेडन' या शब्दाचा पूर्वजही नपुंसकलिंगी होता. गोव्याच्या वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. कोकणीत 'चेडूं' हा शब्द नपुंसकलिंगीच आहे, आणि घरातल्या धाकट्या मुलीविषयी 'तें आयलें' असेच आपण रोज ऐकतो. संस्कृतात तर पत्नीवाचक 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' हा शब्द पुल्लिंगी, तोही बहुवचनी. शब्दाचे लिंग आणि व्यक्तीचे लिंग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना शिकवायचे असेल तर आपल्या अंगणात याहून चांगली उदाहरणे नाहीत. इंग्रजीतील शब्दांचे अंत्य प्रत्यय झिजत गेले तशी तिची ही व्यवस्था अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान मोडत गेली आणि शेवटी नाहीशी झाली.

आता 'एस' या प्रत्ययाकडे वळू. हा प्रत्यय मूळचा इंग्रजी नाही. ग्रीकमधून लॅटिनमध्ये, तेथून फ्रेंचमध्ये आणि 1066च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत असा त्याचा प्रवास आहे. इंग्रजीचा स्वतःचा स्त्रीवाचक प्रत्यय 'स्टर' हा होता. आपल्याकडे पहाटे सायकलीवरून पाव घेऊन येणारा तो पदेर, त्याच कामाच्या जुन्या इंग्रजी शब्दाला हा प्रत्यय लागून पाव भाजणाऱ्या स्त्रीचा शब्द होत असे, आणि त्यापासून पुढे 'बॅक्स्टर' हे आडनाव आले. विणणारीपासून 'वेब्स्टर' आणि मद्य गाळणारीपासून 'ब्रूस्टर' ही आडनावे आली. हा प्रत्यय पुढे पुरुषांनाही लागू लागला आणि त्याचा स्त्रीवाचक अर्थ इतका विसरला गेला की शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला उद्देशून 'सीम्स्टर' अपुरा वाटू लागला. मग त्यावर 'एस' चढवून 'सीम्स्ट्रेस' हा शब्द झाला. त्यात स्त्रीवाचक प्रत्यय दोनदा आला आहे.

'एस' मागे का पडत आहे, याचे एक कारण समतेच्या विचारात आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कारण भाषेच्या आतले आहे आणि मला ते अधिक रोचक वाटते. या प्रत्ययाला आरंभापासून दोन अर्थ होते. ते काम करणारी स्त्री, आणि ते काम करणाऱ्या पुरुषाची पत्नी. 'मेयरेस' म्हणजे महापौर असलेली स्त्री की महापौरांची पत्नी? 'अँबॅसड्रेस' म्हणजे राजदूत की राजदूताची पत्नी? इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा दुसराच अर्थ अभिप्रेत असे. हा घोटाळा आपल्याला जवळून परिचित आहे. 'मास्तरीणबाई' म्हटले की त्या स्वतः शिकवतात की मास्तरांच्या घरी असतात, हे संदर्भावरून ठरवावे लागते. 'पाटलीण' आणि 'डॉक्टरीणबाई' यांचेही तेच. आपल्याकडील 'भाटकान्न' स्वतः बागायतीची मालकीण असू शकते किंवा भाटकाराची बायकोही असू शकते. स्त्रिया स्वतः त्या पदांवर येऊ लागल्या, तेव्हा ज्या शब्दाने त्यांची ओळख नवऱ्याच्या पदावरून होत होती तो शब्द त्यांना पुरेनासा झाला. यात हट्ट नव्हता. नेमक्या शब्दाची ती गरज होती.

त्यातच या स्त्रीवाचक रूपांचे मोल कालांतराने घसरते, असाही अनुभव आहे. 'गव्हर्नर'चे स्त्रीलिंगी रूप 'गव्हर्नेस' असे मुले पाठ करतात. हा शब्द एके काळी सत्ता चालवणाऱ्या स्त्रीला लावत असत. पुढे त्याचा अर्थ श्रीमंताघरी राहून मुलांना शिकवणारी बाई एवढाच उरला. मृदुला सिन्हा 2014 ते 2019 या काळात गोव्याच्या राज्यपाल होत्या. त्यांना 'गव्हर्नेस' म्हणण्याची कल्पना तरी कोणी केली असती काय? इंग्रजांनी स्वतःही ती केली नव्हती. 1559 साली पहिल्या एलिझाबेथ राणीने इंग्लंडच्या चर्चचे प्रमुखपद घेतले तेव्हा कायद्यात तिच्यासाठी 'सुप्रीम गव्हर्नर' हेच शब्द घातले गेले. सरोजिनी नायडू यांचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. त्या इंग्रजीत काव्य लिहिणाऱ्या कवयित्री होत्या आणि 1947 ते 1949 या काळात संयुक्त प्रांताच्या राज्यपालही होत्या. 'लिंग बदला' या तक्त्याप्रमाणे त्यांना 'पोएटेस' आणि 'गव्हर्नेस' म्हणावे लागेल. दुसरा शब्द उघडच चुकीचा ठरतो. पहिल्या शब्दातील उणेपण तितके उघड दिसत नाही, इतकाच फरक.

'अ‍ॅक्ट्रेस' टिकला याला कारण आहे. 1660पर्यंत इंग्लंडच्या सार्वजनिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगेच करत असत. पेडण्यातील दशावतारी नाटकात स्त्रीपात्र पुरुष वठवतो तसेच ते होते. स्त्रिया रंगमंचावर आल्या तेव्हा आरंभी त्यांनाही 'अ‍ॅक्टर'च म्हणत. 'अ‍ॅक्ट्रेस' हे रूप नंतर रुळले. कविता लिहिणाऱ्याचे लिंग कवितेला लागत नाही, परंतु भूमिका बहुधा स्त्रीची किंवा पुरुषाची असते, आणि चित्रपटांची पारितोषिकेही त्याप्रमाणेच विभागलेली असतात. म्हणून तो शब्द अजून वापरात आहे, जरी अनेक अभिनेत्री आता स्वतःला 'अ‍ॅक्टर' म्हणवून घेणे पसंत करतात. 'प्रिन्सेस', 'डचेस', 'गॉडेस', 'लायनेस' हे शब्दही पक्के आहेत, कारण तेथे भेद पदवीचा किंवा प्राण्याच्या जातीतील नरमादीचा आहे. 'वेट्रेस' आणि 'होस्टेस' हे शब्दही बोलण्यात आहेत, तरी हॉटेलांच्या कामकाजात 'सर्व्हर'सारखे शब्द येऊ लागले आहेत.

एक गोष्ट मराठीभाषकांनी विशेष लक्षात घ्यावी. 'डॉक्टर आल्या' असे आपण म्हणतो तेव्हा स्त्रीत्व क्रियापदाने सांगितलेले असते, म्हणून 'डॉक्टर' या शब्दाला हात लावावा लागत नाही. इंग्रजीत क्रियापद ते सांगत नाही, आणि काहीतरी राहून गेले असे आपल्या मनाला वाटते. ती उणीव भरण्यासाठी आपण 'लेडी डॉक्टर' म्हणतो. ही गरज मराठी व्याकरणाची आहे, इंग्रजी वाक्याची नाही. ज्या वाक्यात ती व्यक्ती स्त्री आहे हे सांगणे खरोखर आवश्यक असेल तेथे ते अवश्य सांगावे, एरवी नाम जसे आहे तसे ठेवावे. मुलीला मात्र दोन्ही रूपे माहीत असू द्यावीत, कारण जुनी पुस्तके वाचताना 'पोएटेस' तिला भेटणारच आहे. बाईंशी या विषयावर बोलायचे झाल्यास एखादा अलीकडचा शब्दकोश सोबत न्यावा. बहुतेक शिक्षक दाखवून दिलेली गोष्ट मोकळेपणाने मान्य करतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: आमच्या महिला पतसंस्थेच्या अध्यक्षपदी माझी निवड झाली आहे. संस्थेच्या इंग्रजी कागदपत्रांत या पदाला 'चेअरमन' म्हटले आहे. दारावरच्या पाटीवर 'चेअरमन', 'चेअरवुमन' की 'चेअरपर्सन' लिहावे? मराठी पाटीवर 'अध्यक्ष' की 'अध्यक्षा'?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: प्रथम कायद्याची बाजू. 1897च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 13 प्रमाणे, विषय किंवा संदर्भ विरुद्ध नसेल तर केंद्रीय कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, आणि संविधानाच्या अनुच्छेद 367 प्रमाणे संविधानाचा अर्थ लावतानाही तोच कायदा आधाराला घेतला जातो. संविधानात राज्यसभेच्या पदांना 'चेअरमन' आणि 'डेप्युटी चेअरमन' असेच शब्द आहेत. 1962 ते 1969 या काळात व्हायोलेट आल्वा राज्यसभेच्या उपसभापती होत्या आणि त्यांचे इंग्रजी पदनाम 'डेप्युटी चेअरमन' हेच होते. म्हणून ठराव, करार आणि बँकेची कागदपत्रे यांत आपल्या उपविधींमध्ये जो शब्द असेल तोच ठेवावा. तेथे स्वतःच्या पसंतीने शब्द बदलल्यास सही कोणत्या अधिकाराने केली, असा प्रश्न उद्भवू शकतो.

पाटी आणि पत्रव्यवहार यांत आपल्याला मोकळीक आहे. 'मॅन'चा मूळ अर्थ माणूस असा होता, पुरुषासाठी 'वेर' हा वेगळा शब्द होता आणि तो आजच्या 'वेअरवुल्फ'मध्ये शिल्लक आहे, म्हणून 'चेअरमन' हा शब्द सर्वसमावेशकच आहे, असा युक्तिवाद काही जण करतात. व्युत्पत्ती खरी आहे, परंतु शब्द ऐकणारा माणूस आजच्या अर्थानेच तो ऐकतो. इंग्रजीतही हा बदल आता सर्वत्र दिसतो. क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसी या संस्थेने सप्टेंबर 2021मध्ये 'बॅट्समन'च्या जागी 'बॅटर' हा शब्द स्वीकारला. आपल्या किनाऱ्यावरून पिढ्यान्पिढ्या बोटीवर जाणारे तारवटी 'सीमन' म्हणून ओळखले जात, तर 2006च्या सागरी कामगार करारात त्यांच्यासाठी 'सीफेअरर' हा शब्द आहे.

आपल्या पाटीसाठी मी 'चेअरपर्सन' सुचवीन, परंतु एका अटीवर. पुढे आपल्या जागी कोणीही आले, किंवा शेजारच्या संस्थेचे अध्यक्ष पुरुष असले, तरी त्यांनाही तोच शब्द लावला पाहिजे. पुरुष असला की 'चेअरमन' आणि स्त्री असली की 'चेअरपर्सन' असे चालू राहिले, तर 'पर्सन' हा 'एस'सारखाच आणखी एक स्त्रीवाचक प्रत्यय होऊन बसेल. अनेक कार्यालयांत आज तसेच घडत आहे आणि मला ते खटकते.

मराठी पाटीवर 'अध्यक्ष' पुरेसे आहे. 'अध्यक्षा' चूक नाही, पण गरजेचेही नाही, कारण 'अध्यक्ष म्हणाल्या' या वाक्यात सर्व काही आले. शशिकला काकोडकर 1973 ते 1979 या काळात आपल्या मुख्यमंत्री होत्या. सारा गोवा त्यांना जिव्हाळ्याने ताई म्हणत असे, आणि त्यांच्या पदासाठी वेगळ्या स्त्रीलिंगी शब्दाची गरज पडली नाही. गावच्या पंचायतीतील 'सरपंच' हा शब्दही तसाच आहे.

प्रश्न: लग्नाच्या एका इंग्रजी अर्जात माझ्या नावापुढे 'स्पिन्स्टर' आणि नवऱ्या मुलाच्या नावापुढे 'बॅचलर' असे छापलेले होते. मला तो शब्द लागला. तो खरोखरच अपमानकारक आहे, की मी उगाच मनाला लावून घेतले?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: आपण उगाच लावून घेतलेले नाही. वर सांगितलेला जुना 'स्टर' प्रत्यय याही शब्दात आहे, आणि त्याचा मूळ अर्थ सूत कातणारी असा होता. सतराव्या शतकापर्यंत कायद्याच्या कागदांत अविवाहित स्त्रीच्या नावापुढे तो लिहिण्याची पद्धत पडली होती. तेथे तो साधा तपशील होता. व्यवहारात मात्र लग्नाचे वय उलटून गेलेली स्त्री असा त्याचा अर्थ होत गेला आणि त्याला बोचरी छटा आली. 'बॅचलर'ला तशी छटा कधी आली नाही. उलट तो पदवीचा शब्द झाला आणि आपल्या मुली अभिमानाने 'बॅचलर ऑफ आर्ट्स' आणि 'मास्टर ऑफ आर्ट्स' होतात. 'मास्टर' आणि 'मिस्ट्रेस' या जोडीचीही अशीच दोन टोके झाली आहेत, आणि ती जोडी शाळेच्या तक्त्यात अजून शेजारी शेजारी बसवलेली असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहनोंदणीतून 'बॅचलर' आणि 'स्पिन्स्टर' हे दोन्ही शब्द 2005 साली काढण्यात आले आणि दोघांसाठीही 'सिंगल' हा एकच शब्द आला. आपल्याकडील अर्ज बदलेपर्यंत छापलेला शब्द खोडू नये, कारण त्याने नोंद अडू शकते. परंतु जेथे रकाना मोकळा असेल तेथे 'अनमॅरिड' किंवा 'सिंगल' असे निःसंकोच लिहावे.

याच क्षेत्रातील एक जोडी मात्र उलट दिशेने घडली आहे. 'विडो' हा मूळ शब्द स्त्रीसाठीचा आहे आणि आपल्या 'विधवा' या शब्दाशी त्याचे नाते आहे, दोन्ही एकाच प्राचीन मुळातून आले. पुरुषासाठीचा 'विडोअर' त्यावरून नंतर बनवला गेला. पत्नी गेलेल्या पुरुषासाठी वेगळा शब्द असावा, असे समाजाला बराच काळ वाटलेच नव्हते, हे यातून दिसते आणि ते मनाला चटका लावते.

प्रश्न: माझा मुलगा बोटीवर नोकरीला आहे. त्याचे वरिष्ठ बोटीला 'शी' म्हणतात. इंग्रजीत बोट स्त्रीलिंगी आहे काय?
— एक वाचक, वास्को

उत्तर: नाही. इंग्रजीत लिंगे होती तेव्हाही 'शिप' हा शब्द नपुंसकलिंगी होता, आपल्या 'जहाज'सारखाच. 'शी' हे खलाशांच्या आपुलकीचे रूप आहे, व्याकरणाचे नव्हे. जहाजवाहतुकीच्या क्षेत्रातील लंडनचे जुने नियतकालिक 'लॉइड्स लिस्ट' याने 2002 साली 'शी' सोडून 'इट' वापरण्यास आरंभ केला. आपल्या मुलाने बोलताना वरिष्ठांप्रमाणे बोलावे, आणि लेखी अहवालात कंपनीची जी पद्धत असेल ती पाळावी.

प्रश्न: 'कझिन ब्रदर' आणि 'कझिन सिस्टर' असे म्हणू नये, असे आमचे प्राध्यापक सांगतात. मग मामेबहिणीला इंग्रजीत काय म्हणावे?
— एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर: केवळ 'कझिन' म्हणावे. 'ब्रदर' आणि 'सिस्टर' जोडण्याची रीत आपल्याकडची आहे आणि तिच्यामागेही आधी सांगितलेलेच कारण आहे. नात्यातील व्यक्ती मुलगा की मुलगी हे न सांगता पुढे जाणे आपल्या भाषेला जमत नाही. मराठीत मामेभाऊ, आतेबहीण, चुलतभाऊ, मावसबहीण या शब्दांत नाते कोणत्या बाजूचे आणि व्यक्ती स्त्री की पुरुष हे दोन्ही कळते. आपल्या जुन्या पिढीच्या कानावर असलेल्या पोर्तुगीजमध्ये 'प्रिमु' आणि 'प्रिमा' यांतून व्यक्ती कळते, पण बाजू कळत नाही. इंग्रजी 'कझिन'मधून यांपैकी काहीच कळत नाही. गंमतीची गोष्ट अशी की ज्या लॅटिन शब्दापासून 'कझिन' आला त्याचा मूळ अर्थ आईच्या बहिणीचे मूल, म्हणजे मावसभाऊ असा नेमका होता, आणि तो नेमकेपणा पुढे झिजून गेला. वाक्यात पुढे 'शी' किंवा 'हर' आले की आपली मामेबहीण आहे हे ऐकणाऱ्याला समजते. नाते नेमके सांगणे आवश्यकच असेल तर 'माझ्या मामाची मुलगी' या अर्थाचे इंग्रजी शब्द सरळ वापरावेत, त्यांना कोणीही चूक म्हणणार नाही.